झोपलेलं दूध

जुलै उजाडला की ॲरिझोनातल्या आमच्या चँडलरमध्ये दह्याचा भरवसा राहत नाही. सकाळी नऊला विरजलेलं दूध बारापर्यंत लागतं, आणि दोन वाजता चाखावं तर डोळे मिटून तोंड वाकडं करावं लागतं. बाहेर दक्षिणेकडून धुळीची तपकिरी भिंत उठते, रस्त्यावरच्या गाड्या दिवे लावतात, नंतर चार थेंब पडतात आणि तेही अंगणातल्या खडीवर पडायच्या आत वाळतात. इथले लोक याला कौतुकाने मान्सून म्हणतात. मी बार्शीची. आमच्याकडेही पाऊस काही ओसंडून वाहत नाही, पण इतक्या थोडक्यात कोणी खूश होत नाही.

यंदा दही लावणंच सोडलंय, कारण घर आवरायला काढलंय. माझा नवरा मिलिंद, त्याच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्याने त्याला आणि त्याच्या सगळ्या टीमला मे महिन्यात घरी बसवलं. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की आपण गेलो. इतकं सरळ आहे ते. तर गेल्या आठवड्यात तो स्टुलावर चढून स्वयंपाकघरातलं वरचं कपाट रिकामं करत होता, आणि तिथून त्याने तो तुंबा काढला. वाळक्या भोपळ्याचा, लांब मानेचा, मध्यावर चामड्याची वादी बांधलेला.

"हे काय करायचं? पॅक करू की डोनेट करू?"

"राहू दे. मी बघते," म्हटलं.

चार दिवस झाले, मी बघतेच आहे.

तो तुंबा दिजाचा. ती आमच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर राहायची. मूळची आफ्रिकेतल्या नायजर देशाची, जातीची फुलानी. फुलानी म्हणजे गुरं राखणारे, गवताच्या मागे फिरणारे लोक, हे मला तिच्याकडूनच कळलं. तिचा नवरा विमानतळावर टॅक्सी चालवायचा. मी तेव्हा मिलिंदच्या व्हिसावर आलेली, एम. कॉम. होऊनही काम करायची परवानगी नसलेली, सकाळी डबा भरून दिला की दिवसभर भिंतींकडे बघत बसणारी बाई. दोन हजार पाचचा उन्हाळा होता तो. एका सकाळी खालून आवाज आला. डुबुक, डुबुक, डुबुक. मी कपड्यांच्या घड्या घालत होते ती थांबले. हा आवाज मी परदेशात कधी ऐकला नव्हता, पण ओळखला मात्र लगेच. कोणीतरी ताक करत होतं.

खाली जाऊन बघते तर ही उंच, काटकुळी बाई पडवीत पाय पसरून बसलेली, मांडीवर हा तुंबा घेऊन, बाळाला झुलवावं तसा पुढेमागे हलवते आहे. रवी नाही, दोरी नाही. नुसतं हलवणं. मी बोट दाखवून विचारलं, "बटर?" तिने मान डोलावली आणि तुंबा माझ्या मांडीवर ठेवला. मी हलवायला घेऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोवर माझे दंड भरून आले. ती हसून लोळायची बाकी राहिली.

तिचं इंग्रजी फ्रेंचमधून आलेलं, माझं मराठीतून. पण दुधाबद्दल बोलायला भाषा किती लागते? त्यांच्यात दूध म्हणजे 'कोसम'. गुरं पुरुषांची असतील, पण दूध बायकांचं. ते कोणाला किती द्यायचं, किती विरजायचं, किती बाजाराला न्यायचं, हे घरची बाई ठरवणार. नवरा तुंब्याला हात लावत नाही. "तुमच्याकडे?" तिने विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे पिशवी येते. माझं गाईशी नातं रतिबापुरतं. वडील बँकेत होते. लहानपणी दूधवाल्याने पाणी घातलं की नाही, एवढ्यावरच आमचं पशुज्ञान संपायचं. पण ते तिला कशाला सांगा? मी भारतातली, म्हणजे गाईंच्या देशातली, म्हणून तिने मला आपल्यातली धरलं होतं, आणि मला तसं धरलं गेलेलं फार आवडलं होतं.

पहिल्याच आठवड्यात तिने काचेच्या वाडग्यात लोण्याचा गोळा पाठवला. मी वाडगा घासून लख्ख केला आणि त्यात शेंगदाण्याची चटणी भरून परत दिला. ती म्हणाली, "हे काय?" मी म्हटलं, "आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत. आणि खरकटं तर नाहीच नाही." तिला ही रीत फार भावली. मग तो एक वाडगा वर-खाली फिरत राहिला. लोणी, चटणी, भाजलेली बाजरी, लाडू. त्या उन्हाळ्यातलं माझं निम्मं आयुष्य त्या वाडग्यात होतं, असं म्हटलं तरी चालेल.

दुकानातलं दूध तिला चालत नसे. ती म्हणायची, ते दूध मेलेलं आहे. गावाबाहेर कापसाच्या शेतांपलीकडे एका म्हाताऱ्याची डेअरी होती. वॉल्टर त्याचं नाव. तो न तापवलेलं दूध द्यायचा. मला नुकतंच लायसन मिळालेलं. दर शनिवारी मी आणि दिजा आमची जुनी गाडी घेऊन जायचो. रस्त्याच्या एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला एकसारखी नवी घरं, सगळी खारकेच्या रंगाची. प्रत्येक शनिवारी घरं थोडी पुढे आलेली असायची.

वॉल्टरच्या गाई पत्र्याखाली रांगेत उभ्या असायच्या, वरून फवाऱ्याचं धुकं सोडलेलं. दिजा प्रत्येकीच्या कपाळावर हात ठेवत जायची. वॉल्टर म्हणायचा, "ती आली की यांना बरं वाटतं." पण पलीकडच्या बाजूला वासरं ठेवलेली असायची, प्रत्येकाला वेगळी प्लॅस्टिकची पांढरी खोपी, आईपासून तोडलेली. तिकडे ती बघायची नाही. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "आमच्यात वासरू आधी. ते पितं, गाय पान्हावते, मग आपण काढायचं, आणि शेवटचं पुन्हा त्याचं. सगळं काढून घेतलं तर दूध रागावतं." परतताना गाडीत ती मांडीवर दुधाचा कॅन धरून बसली होती.

आणि विरजण. ते ऐकून तर मी खुर्ची पुढे ओढली, कारण या विषयात आपण काही कमी नाही. माझ्या फ्रिजमध्ये शेजारच्या काकूंकडून आणलेलं विरजण होतं, त्या काकूंनी ते न्यू जर्सीहून आणलेलं, तिथे कोणी कुठून आणलं ते देव जाणे. दिजाचं असं नव्हतं. तिचं विरजण तिच्या आईचं, आईला तिच्या आईकडून आलेलं. लग्न होऊन निघताना आईने हा तुंबा दिला. विमानतळावर इथल्या माणसाने विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, शोभेची वस्तू. "खोटं बोलले," ती म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून हसली. आत काय होतं, कसं होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही. मी ऐकत होते ती विमानतळाची गंमत. विचारायला हवं होतं.

आदल्या वर्षी तिच्याकडे पाऊस झाला नव्हता. रविवारी सकाळी ती फोनकार्डाचे नंबर दाबून गावातल्या दुकानावर फोन लावायची, तिथे आईला बोलावून आणायचे. मी कधी कधी तिच्या पडवीत असायची. तिचं बोलणं कळायचं नाही, पण ती एकेक शब्द परत म्हणायची, आणि तो म्हणून झाला की थांबायची. नंतर तिने सांगितलं, त्या गाई होत्या. त्यांच्यात गुरं मोजत नाहीत, अशुभ असतं. म्हणून आई किती मेल्या ते सांगत नव्हती. नावं सांगत होती. पांढऱ्या पाठीची. कानावर ठिपका असलेली. दिजा लहान असताना जिने तिला शिंगावर घेतलं होतं, ती.

जूनअखेरच्या रविवारी फोन लवकर संपला. नावं उरली नव्हती.

"आईचा तुंबा तडकला," ती म्हणाली. "त्यात घालायला काही नव्हतं. आता ते दूध फक्त माझ्याकडे आहे." तिच्या आईने सांगितलं होतं, पाऊस येईल, मामा एखादी कालवड देईल, ती व्याली की तू ये आणि दूध घेऊन ये. मी म्हटलं, "शेजारणीकडून घेता येईल की विरजण." आपण वाटी घेऊन जातोच ना कोणाच्याही दारात. दिजाने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, पण जरा लांबून. "मिळेल ना. खातीलही. पण ते आईचं नसेल."

पुढच्या शनिवारी गेलो तर डेअरीच्या फाटकात ट्रक उभे. वॉल्टरने जमीन विकली होती. गाई एकेक करून फळीवरून वर चढत होत्या. वॉल्टर टोपी हातात घेऊन उभा होता, आणि आम्हाला बघून उगाचच म्हणाला, "मुलं करणार नाहीत हे काम." दिजाने कॅन पुढे केला नाही. आम्ही काही वेळ उभ्या राहिलो आणि निघालो. मला त्या वेळी वाटलं, बिचारीचं दूध तुटलं. एवढंच वाटलं. रतिबाच्या संस्कारात वाढलेल्या बाईला याहून जास्त काय वाटणार?

ऑगस्टमध्ये तिच्या चुलतबहिणीचं बाळंतपण होतं, ओहायोत. दिजा महिनाभर चालली होती, बसने. जायच्या दिवशी वर आली, दोन्ही हातांत तुंबा. "हा तुझ्याकडे राहू दे. बसमध्ये फुटेल. नवऱ्याजवळ ठेवला तर तो यात किल्ल्या टाकेल." मी आत डोकावले. रिकामा. पण आतल्या बाजूला पिवळट पांढरा थर वाळून चिकटलेला, आणि आंबट, धुरकट वास.

"काही करू नकोस हं," ती म्हणाली. "नुसता ठेव. दूध झोपलंय."

आता हे वाचणाऱ्या मराठी माणसाला मी काय सांगू? आपल्याकडे पाहुणा दारातून आत येताना काय म्हणतो? "काही करू नका हं." आणि आपण काय करतो? पोहे टाकतो. "काही करू नका" हे वाक्य ऐकून खरोखर काही न करणारी बाई आमच्या बार्शीत तरी जन्मली नाही. झोपलंय म्हणाली, तेही मला तिचं लाडाचं बोलणं वाटलं. गाईंशी बोलणारी बाई ती, तुंब्याबद्दलही असंच बोलणार.

महिनाभर तो फ्रिजवर होता. सप्टेंबरात तिचा फोन आला की ती येते आहे, पण दोनच दिवसांसाठी. नवऱ्याला ओहायोत काम मिळालं होतं, ते कायमचे तिकडे चालले होते. मग मनात आलं, मैत्रीण कायमची जाणार, तिच्या आईची वस्तू आपल्याकडे, आणि ती अशी कळकट परत द्यायची?

बाटल्या धुवायचा लांब ब्रश आणला. गरम पाणी, साबण. पहिल्यांदा पाणी पांढरं आलं, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा स्वच्छ. तरी वास होता. म्हणून उकळतं पाणी भरून ठेवलं, आणि मग दोन दिवस बाल्कनीत ॲरिझोनाच्या उन्हात. आत नाक घालून पाहिलं, कसलाच वास नाही. केवढं समाधान झालं मला! रिकामा द्यायचा नाही म्हणून गळ्यापर्यंत साखर भरली. जाणाऱ्या माणसाच्या हातावर गोड ठेवावं, म्हणून साखरच.

दिजा आली. मी तुंबा तिच्या हातात दिला. तिने तो हलवला, साखर खळखळली. तिने बोटावर थोडी घेऊन चाखली. मग तुंब्याच्या तोंडाशी नाक नेलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"साबण?" तिने विचारलं.

"तीन वेळा!" मी म्हणाले. त्यातला माझा आनंद मला आजही ऐकू येतो.

तिने तुंब्याच्या पोटावरून हात फिरवला, एकदा, आणि तो माझ्या ओट्यावर ठेवला. "फार स्वच्छ झालाय," ती म्हणाली. "तूच ठेव. साखरेला चांगला आहे." मी नको नको म्हणत राहिले, आपण म्हणतो तसं. तिने ऐकलं नाही. मला वाटलं, काय मोठ्या मनाची बाई! पुढे जवळजवळ वर्षभर मी येणाऱ्याजाणाऱ्याला तो तुंबा दाखवत होते. मैत्रिणीची आठवण, आफ्रिकेतला, अस्सल. काकू म्हणाल्या, इथे घासाघीस करूनही असं मिळत नाही.

पुढचा उन्हाळा आला. दही पुन्हा दुपारपर्यंत आंबायला लागलं. आईशी फोनवर बोलत होते, बोलण्याला काही विषय नव्हता, म्हणून तुंब्याची गोष्ट सांगितली. किती घाण होता, आत दह्याची खपली कशी धरलेली, मी कसा चकाचक केला.

"अगं, धुतलास?" आई म्हणाली.

"म्हणजे काय, तसाच देऊ?"

"तुझी मावशी लग्न होऊन इंदूरला गेली ना, तेव्हा रुमाल दह्यात बुडवून सावलीत वाळवला होता मी. तिकडे गेल्यावर दुधात टाकला की झालं घरचं दही. ती खपली म्हणजे विरजण होतं, बाळा."

मला काकूंच्या वाटीतलं ओलं, लपलपतं विरजण माहीत होतं. ते वाळून झोपू शकतं, भाकड काळात तुंब्याच्या भिंतीला धरून पडून राहू शकतं, पुढची गाय व्याली की जागं होऊ शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. आणि ज्या बाईला ठाऊक होतं, तिने मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं.

त्याच दिवशी ओहायोचा नंबर लावला. दिजाने उचलला. मी रडत होते, नीट सांगता येत नव्हतं, पण तिला कळलं. ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?" जणू कोणीतरी नको ते केलं होतं.

"तू का नाही बोललीस?"

"तू साखर भरली होतीस," ती म्हणाली.

मग मीच काहीबाही बडबडत राहिले. काही उपाय असेल, कुणाकडे तरी, एखाद्या लॅबमध्ये. तिने शांतपणे ऐकून घेतलं. आणि मग सांगितलं की त्यानंतर तिकडे पाऊस चांगला झाला. मामाने आईला कालवड दिली. ती व्याली. आई दर फोनला विचारते, दूध कसं आहे?

"मग तू काय सांगतेस?"

"सांगते, झोपलंय."

"आणि जाणार कधी?"

तिच्या बाजूला भांड्यांचा आवाज झाला. "रिकामे हात घेऊन कसं जाऊ?" ती म्हणाली. "आई तुंबा मागेल."

त्यानंतर दोनदा बोललो. तिसऱ्यांदा लावला तेव्हा नंबर बंद होता. तिची आई अजून आहे का, दिजा गेली का, की अजून दर रविवारी झोपलंय म्हणून सांगते आहे, मला माहीत नाही. कळायची आता शक्यताही नाही. मी दोन वेळा तुंब्यात दूध ओतायचा विचार केला, आणि दोन्ही वेळा साखर बघून थांबले. माझं विरजण घालून दही लागेलही. पण ते तिच्या आईचं नसेल.

परवा पेट्या आणायला म्हणून वॉल्टरच्या डेअरीवरून गेलो. तिथे खारकेच्या रंगाची घरं उभी आहेत, निम्म्यांवर बँकेच्या नोटिसा लटकलेल्या, पुढच्या अंगणात गवत वाळून उभं. काही घरांच्या खिडक्यांना काचाच बसवलेल्या नाहीत. एका रांगेत तर नुसते लाकडी सांगाडे, त्यांच्या आत धूळ साचलेली. तिथे आता गाई नाहीत आणि माणसंही नाहीत. मिलिंद म्हणाला, "बघ, आपण घर घेतलं नाही ते बरंच झालं यार." मी हो म्हटलं. त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं.

आज सकाळी तो पुन्हा विचारायला आला. त्याने तुंबा कानाशी नेऊन हलवला. आत टक् असा एकच आवाज आला. तीन उन्हाळे झाले, साखरेचा दगड झालाय. उलटा केला तरी गळ्यातून बाहेर येत नाही.

"डिसाइड कर गं आता. कस्टमवाले विचारतील हां, हे काय आहे म्हणून."

मी तुंबा जुन्या साडीत गुंडाळला आणि माझ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवला. विचारलं तर सांगेन, शोभेची वस्तू. दिजानेही येताना हेच सांगितलं होतं. तिने सांगितलं तेव्हा ते खोटं होतं.